गाडीतली बटणं परत का येताहेत?

नव्या गाडीत बसलं की पहिली नजर जाते ती मधल्या स्क्रीनवर. दहा इंची की बारा इंची, तरंगता की डॅशबोर्डात बसवलेला, यावर सातारच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत चर्चा झडते. आणि नेमकं आताच युरोपातून उलटी बातमी आलीय. गाड्यांची धडक-चाचणी घेऊन तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने जानेवारी 2026 पासून गुण देण्याची पद्धत बदलली. इंडिकेटर, धोक्याचे चारही दिवे, हॉर्न, वायपर आणि तातडीच्या मदतीचं एसओएस, या पाच गोष्टींना हाताला लागणारी खरी बटणं किंवा दांड्या ठेवाव्यात, असा त्यांचा आग्रह आहे. स्क्रीनच्या मेनूत त्या लपवल्या, तर गुण कमी.

हा नियम आपल्याकडे लागू नाही. आपलं भारत एनकॅप 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालं. ते धडकेत मोठ्यांना आणि लहान मुलांना किती संरक्षण मिळतं ते तपासतं. एसीचं बटण कुठे आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ते बघायचं काम गाडी घेणाऱ्याचंच.

### हाताला काय आठवतं

मिसळणाचा डबा डोळ्यांसमोर आणा. फोडणी तडतडत असताना बाई डब्याकडे बघत नाही. मोहरी कुठल्या वाटीत, हळद कुठल्या, हे हाताला ठाऊक असतं. डोळे कढईवर. गाडीतला जुना एसीचा नॉब अगदी असाच होता. बोटाने चाचपला, टक-टक करत दोन घरं फिरवला, वाढलेल्या हवेचा आवाज आला, काम झालं.

काचेच्या स्क्रीनचं तसं नाही. त्या काचेखाली विजेचा अगदी हलका भार वाहणारं पारदर्शक जाळं असतं. बोट टेकलं की तिथला भार किंचित बदलतो आणि गाडीला कळतं, इथे दाबलं. म्हणजे स्क्रीनच्या लेखी टेकणं हेच दाबणं. बटण तुम्ही चाचपून शोधू शकता, ते आपोआप चालू होत नाही. काच चाचपायला गेलात, तर वाटेत लागेल ते चालू होईल. म्हणून आधी डोळ्यांनी बघावं लागतं, मग बोट न्यावं लागतं, आणि लागलं का ते बघायला परत डोळे न्यावे लागतात. एका कामाला दोनदा नजर.

ओल्या बोटाने किंवा लोकरी हातमोज्यातून ही काच नीट ऐकत नाही, ते वेगळंच.

त्यात आपल्याकडे स्टिअरिंग उजव्या बाजूला, म्हणजे स्क्रीन डाव्या हाताला. बहुतेकांचा डावा हात नेमक्या ठिकाणी बोट टेकवण्यात कच्चा. शिवाय गिअरही त्याच हाताशी. पसरणी घाट चढताना दर वळणाला दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा चालू असतो. त्या हाताला मध्येच सव्वा सेंटिमीटरच्या चौकोनावर नेम धरायला लावणं म्हणजे सुईत दोरा ओवायला सांगून मागून कोपर हलवण्यासारखं आहे.

### तीन सेकंदांत किती रस्ता जातो

ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदाला 22 मीटर जाते. तीन सेकंद स्क्रीनकडे बघितलं की 66 मीटर रस्ता न बघता कापला.

आता हे आपल्या रस्त्यावर लावून बघा. कारखाने सुरू झालेत, रात्रीचे आठ वाजलेत, पेठ-सांगली रस्त्यावर पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ताशी 20 ने चाललाय. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर होता तो उसाच्या पाल्याने झाकलाय. तुम्ही 80 ने येताय. दोघांतलं अंतर ताशी 60 च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला साधारण 17 मीटरने, मिटतंय. तीन सेकंदांत 50 मीटर संपले. डिप्परच्या उजेडात ट्रॉली दिसायला लागते, तेव्हा बहुतेक वेळा हातात तेवढंच अंतर असतं.

अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याने 2013 मध्ये गाडीतल्या पडद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एका वेळी नजर रस्त्यावरून दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये आणि एक काम पुरं करायला सगळ्या नजरा मिळून 12 सेकंदांच्या वर जाऊ नयेत, असा त्यांचा हिशोब. सक्ती नाही, पण मोजायला माप म्हणून उत्तम.

याच मापाने बघितलं, तर 2022 मध्ये स्वीडनच्या 'व्ही बिलॅगारे' या गाड्यांच्या मासिकाने केलेली चाचणी बोलकी आहे. मोकळ्या धावपट्टीवर ताशी 110 ने गाडी चालवत चार कामं करायची: सीट आणि हवेचं तापमान, रेडिओ, ट्रिप मीटर शून्यावर आणणं, डॅशबोर्डचा उजेड कमी करणं. चालकांना आधी गाडी समजून घ्यायला वेळ दिला होता. बटणांवर चालणारी 2005 सालची व्होल्वो व्ही70 दहा सेकंदांत आणि 306 मीटरमध्ये मोकळी झाली. सगळ्यात मागे राहिलेल्या नव्या गाडीला 44.6 सेकंद लागले आणि तोवर ती 1,372 मीटर पुढे गेली होती. सतरा वर्षं जुनी गाडी चौपटीहून जास्त फरकाने पुढे.

### मग बटणं काढलीच कशाला?

फक्त दिखाऊपणासाठी काढली, असं म्हणणं अन्यायाचं होईल. गाडीतला टचस्क्रीन तसा जुनाच, 1986 च्या ब्युइक रिव्हिएरात तो होता. पण लाट आली ती 2012 साली, टेस्लाच्या मॉडेल एसमधल्या 17 इंची पडद्यानंतर. मग रिव्हर्स कॅमेरे सर्रास झाले. अमेरिकेत तर मे 2018 पासून नव्या गाडीत ते सक्तीचे आहेत. कॅमेरा म्हटलं की पडदा आलाच. आणि पडदा बसवलाच आहे, तर एसीची सात बटणं वेगळी का बनवायची?

एक बटण म्हणजे नुसतं प्लास्टिक नव्हे. त्याचा साचा, खालचा स्विच, आतला दिवा, वायर, कनेक्टर, आणि ते हजारो वेळा दाबून टिकतं का याची चाचणी. उजव्या आणि डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांना वेगळी मांडणी. पडद्यावर हेच सगळं एका चित्राने भागतं, आणि गाडी विकल्यावरसुद्धा ते चित्र बदलता येतं.

हीच सोय नंतर डोकेदुखी होते. सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि एसीचं चिन्ह डावीकडून उजवीकडे गेलं, की सहा महिन्यांची सवय वाया. कुणीतरी रात्रीत मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या हलवून ठेवल्यासारखं.

आता फोक्सवॅगन, ह्युंदाई यांसारख्या मोठ्या कंपन्यांनीही नेहमी लागणाऱ्या कामांची बटणं परत आणायचं बोलून दाखवलंय. स्क्रीन जाणार नाही, जायची गरजही नाही. नकाशा, कॅमेरा, गाण्यांची यादी, फोनबुक ही कामं बटणांवर करणं म्हणजे शिक्षाच. वाटणी साधी आहे: गाडी उभी असताना करायचं ते स्क्रीनवर चालेल, गाडी चालती असताना करायचं ते हाताला लागलं पाहिजे.

### यवतेश्वरचा घाट आणि धुरकटलेली काच

या वाटणीची खरी परीक्षा आपल्याकडे पावसाळ्यात होते. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे निघालात. गाडीत चौघं, कपडे ओले, बाहेर ढग रस्त्यावर उतरलेला. दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला पुढची काच पांढरी. बहुतेक जण इथे एसी बंद करतात, "आधीच थंडी आहे" म्हणून. तिथेच चुकतं.

आधी एकदा वायपर फिरवा. वायपरने काच साफ झाली, तर वाफ बाहेरून धरलीय: एसीने काच फार गार पडलीय आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर जमतेय. उपाय: तापमान दोन-तीन अंशांनी वाढवा, हवेचा झोत काचेवरून काढून तोंडाकडे किंवा पायाकडे वळवा.

वायपर फिरूनही काच पांढरीच राहिली, तर वाफ आतून आहे. चौघांचा श्वास आणि ओले कपडे यांची वाफ आत कोंडलीय. उपाय चार, चारही एकदम:

एसी चालू. एसी हवा गार करतो तसा कोरडीही करतो. आतल्या थंड कॉइलवर हवेतलं पाणी जमतं आणि गाडीखाली टपकतं, ते हेच.

हवा बाहेरची. वळून परत आत येणाऱ्या बाणाचं चिन्ह म्हणजे आतलीच हवा फिरवणं, ते बंद करा.

झोत पुढच्या काचेवर, ब्लोअर जोरात.

तापमान थोडं उबदार, 24-25 च्या पुढे. नॉब असेल तर लाल बाजूकडे थोडा. ती लाल बाजू महाराष्ट्रात बिनकामाची म्हणून कुणी हात लावत नाही, पण कोरडी आणि कोमट हवा काच सगळ्यात लवकर मोकळी करते.

तीन नॉबच्या जुन्या गाडीत हे सगळं वळणावरची नजर न काढता होतं. पूर्ण स्क्रीनच्या गाडीत एसीचं पान उघडा, दिशेचं चिन्ह शोधा, हवेचं चिन्ह दाबा, तापमान सरकवा, आणि प्रत्येक वेळी बघा. ढगात, घाटात, समोरून एसटी येत असताना.

म्हणून बऱ्याच कंपन्यांनी निदान एक बटण वेगळं ठेवलंय. वर रुंद, खाली अरुंद अशा पंख्यासारख्या आकारात तीन वळणदार बाण असतील, तर ते पुढच्या काचेचं. साध्या चौकोनात तेच बाण असतील, तर मागच्या काचेचं. पुढच्या काचेचं बटण दाबलं की बहुतेक ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत वरची बरीचशी कामं एका झटक्यात होतात. तुमच्या गाडीत ते कुठे आहे, हे उन्हाळ्यातच बघून ठेवा.

वायपरचंही तेच. जर्मनीत एका टेस्ला चालकाने भर पावसात वायपरचा वेग स्क्रीनवरून बदलायला घेतला, गाडी रस्ता सोडून झाडांवर गेली. त्याला 200 युरो दंड आणि एक महिना गाडी चालवायला बंदी झाली, आणि 2020 मध्ये कार्ल्सरूहच्या वरिष्ठ न्यायालयाने ती कायम ठेवली. स्क्रीन गाडीत बसवलेला असला, तरी मोबाइलइतकंच लक्ष त्यावर जातं, असा निकालाचा मथितार्थ.

जाता जाता, धोक्याच्या चारही दिव्यांबद्दल. लाल त्रिकोणाचं ते बटण अजून तरी बहुतेक गाड्यांत खरंखुरं आहे, पण धो-धो पावसात चालत्या गाडीत ते लावून ठेवायची आपली सवय घातक आहे. चारही दिवे लुकलुकत असले, की तुम्ही डावीकडे वळताय की उजवीकडे, हे मागच्याला कळतच नाही. पावसात हेडलाइट लावा. चारही दिवे गाडी बंद पडून उभी राहिली, तर.

### "सवय झाली की जमतं"

हा सगळ्यात नेहमीचा आक्षेप, आणि अर्धा खरा. सवयीने चिन्ह कुठे आहे ते लवकर सापडतं, पण बोट नीट पडलं का हे बघणं सवयीने जात नाही, कारण काचेला उंचवटा नाही आणि खड्ड्यात हात हलतोच.

सवय आणि प्रशिक्षण दोन्ही असलेल्या लोकांचं उदाहरण घ्या. ऑगस्ट 2017 मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाची 'जॉन एस. मॅक्केन' ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजाला धडकली, दहा नौसैनिक गेले. चौकशीत इतर कारणांबरोबर जहाजाच्या टचस्क्रीन सुकाणूतला गोंधळही पुढे आला. 2019 मध्ये नौदलाने वेग कमी-जास्त करण्यासाठी हाताने ओढायच्या दांड्या परत बसवायचं ठरवलं.

### "बोलून सांगायचं ना मग"

चालतं, पण मर्यादेत. "तापमान 24 कर" किंवा "आईला फोन लाव" ही ठरीव वाक्यं बऱ्यापैकी जमतात. घोळ होतो तो गावांच्या नावांत, मागे मुलं दंगा करत असताना, काचा उघड्या असताना आणि अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलताना. मेढ्याला जायचं सांगितलं आणि भलतंच काही लागलं, की ते दुरुस्त करायला हात परत स्क्रीनवर जातोच. शिवाय काही गाड्यांचं बोलणं इंटरनेटवर चालतं. घाटात रेंज गेली की तेही गप्प.

स्टिअरिंगवरची बटणं यापेक्षा भरवशाची. आवाज, फोन, गाणं बदलणं यासाठी डावा अंगठा पुरतो. फक्त ती दाबल्यावर खरी दबतात का, ते बघा. हल्ली चकचकीत काळ्या पट्टीवर चिन्हं रंगवून बटणाचं सोंग आणलेलं असतं. वाहन तळपत्या उन्हात असलं की ती चिन्हं दिसत नाहीत, बोटांचे ठसे आणि धूळ मात्र दिसते.

### बिघडलं तर?

बटणंही बिघडतात. नॉबचा रबरी लेप चिकट होऊन निघतो, आतला दिवा जातो, फिरवताना आकडे उड्या मारतात. पण एक बटण गेलं, तर एकच काम अडतं. स्क्रीन गेला, तर गाणी, कॅमेरा, फोन आणि काही गाड्यांत एसीसुद्धा एकदम जातो. पूर्वी टेप बिघडला, की बाजारातला दुसरा त्याच साधारण 18 बाय 10 सेंटिमीटरच्या टू-डिन खाचेत बसायचा. आता स्क्रीन गाडीच्या इतर यंत्रणांशी जोडलेला असतो, बाहेरचा बसवणं सोपं नाही.

तरी प्रत्येक बंद पडलेला स्क्रीन बदलायचा नसतो. तीन गोष्टी आधी बघा.

स्क्रीन अडकला असेल तर गाडी बाजूला घेऊन आवाजाचं किंवा पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. बऱ्याच गाड्यांत एवढ्याने तो बंद होऊन नव्याने सुरू होतो. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग यांचा त्याच्याशी संबंध नसतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. तुमच्या गाडीत नेमकं कुठलं बटण, ते गाडीच्या पुस्तकात सापडेल.

सेल मारताना स्क्रीन काळा होऊन परत सुरू होत असेल तर संशय बॅटरीवर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मल्टिमीटर लावून बघा: 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, 12.2 च्या खाली असेल तर बॅटरी अर्ध्यावर आलीय. तीन-चार वर्षं झाली असतील तर बदलायची तयारी ठेवा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल, तर आधी ती साफ करून नट घट्ट करा.

फोन सारखा तुटत असेल तर सगळ्यात आधी केबल बदला. फक्त चार्जिंगची स्वस्त केबल डेटा नेत नाही. मग फोनच्या पोर्टमध्ये अडकलेला कापसासारखा मळ लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. सर्व्हिस सेंटरची फेरी बऱ्याचदा इथेच वाचते.

### शोरूममध्ये स्क्रीनच्या इंचांऐवजी हे बघा

सेल्समनला दाखवू देऊ नका, त्याचा हात बसलेला असतो. स्वतः सीटवर बसा, पट्टा लावा (पट्ट्याशिवाय हात जास्त पुढे जातो आणि फसगत होते), सीट आपल्या उंचीला लावा. मग समोरच्या काचेतून बाहेर बघत बघत ही कामं करा: ब्लोअर एक घर वाढवणं, तापमान कमी करणं, बाहेरची हवा घेणं, पुढच्या काचेची वाफ घालवणं, आवाज एकदम बंद करणं, वायपरचा वेग वाढवणं. शेजारच्याला मनात सेकंद मोजायला सांगा आणि तुमची नजर किती वेळा खाली गेली ते बघायला सांगा. घरातल्या ज्येष्ठांना गाडी चालवायची असेल, तर त्यांनाही हेच करायला लावा. जवळचा चष्मा नसताना स्क्रीनवरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, हे शोरूममध्येच कळलेलं बरं.

ट्रायल दुपारी किंवा मावळतीच्या उन्हात घ्या. गॉगल घालून जा. पोलराइज्ड गॉगलमधून काही स्क्रीन काळपट किंवा रंगीबेरंगी दिसतात. रस्ता खडबडीत निवडा, नुसता हायवे नको.

नॉब किंवा बटणं ब्लोअर, तापमान, आवाज आणि वाफ या चार कामांना असली, तर बाकीचं स्क्रीनवर असलं तरी निभतं. वरच्या मॉडेलमध्ये कधीकधी ही बटणं काढून टच पट्टी दिलेली असते आणि खालच्या मॉडेलमध्ये साधे नॉब राहतात. पैसे वाचतात आणि नॉबही मिळतात, फक्त सोसायटीत सांगायला इंच कमी पडतात.

### घेतलीच असेल तर

ऑटो एसी असेल, तर 24 ला लावून ऑटोवर सोडा. तापलेली गाडी 18 ला लावल्याने लवकर गार होत नाही. सुरुवातीला तो तसाही पूर्ण ताकदीने चालतो, 18 म्हणजे फक्त "थांबू नको" एवढंच. मे महिन्यात उन्हात उभी गाडी असेल, तर आधी काचा खाली करून मिनिटभर कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी.

सेटिंगमध्ये शॉर्टकटची सोय असेल, तर एसीचं पान तिथे ठेवा. स्टिअरिंगवर चांदणीचं चिन्ह असलेलं बटण बऱ्याच गाड्यांत आपल्याला हवं त्या कामाला लावता येतं. नकाशात पत्ता गाडी हलण्याआधी टाका. मोबाइलवर नकाशा बघणं 2020 च्या नियमबदलानंतर चालतं, पण लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने, म्हणजे स्टँडवर, हातात नाही.

चालत्या गाडीत स्क्रीनला हात लावायचाच असेल, तर तळहात किंवा अंगठा स्क्रीनच्या कडेला टेकवून मगच बोट न्या. हाताला आधार मिळाला, की नेम चुकणं बरंच कमी होतं.

आणि तो स्क्रीन पुसताना काचेचा स्प्रे थेट मारू नका. अमोनिया आणि स्पिरिटने वरचा लेप धुरकट होतो, आणि ओघळ कडेने आत जातो. गाडी बंद करा, मायक्रोफायबरचं फडकं पाण्याने किंचित ओलं करून पिळा, वरून खाली पुसा, मग कोरडं फिरवा.